विंचू ‘उतरवण्या’त वेळ घालवू नका

उन्हाळ्यात आणि वळवाच्या सरींनंतर विंचू चावल्याचे रुग्ण वाढतात. बांधावरचे दगड, सरपण, शेणींचा ढीग, विटांचे थर, ऊसतोडणी मजुरांच्या कोपी ही त्याची हक्काची ठिकाणे. विंचू चावला की आपल्याकडे आजही आधी ‘उतरवणाऱ्या’ची आठवण होते, दवाखान्याची नंतर. या क्रमाला माझा विरोध आहे, आणि त्यामागचे शास्त्र वाचकांनी समजून घ्यावे अशी माझी इच्छा आहे.

पहिला गैरसमज आकाराचा. मोठ्या काळ्या विंचवाला आपण फार घाबरतो. त्याच्या दंशाने आग भयंकर होते, पण जीव सहसा जात नाही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जीव घेतो तो लहानखुरा तांबडा विंचू. त्याचे विष थेट मज्जातंतूंच्या दरवाजांवर घाला घालते.

हे दरवाजे म्हणजे काय? आपल्या मज्जापेशीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त असतात, बाहेर सोडियमचे. संदेश निघाला की सोडियमचे दरवाजे क्षणभर उघडतात व सोडियम आत शिरते. लगेच पोटॅशियमचे दरवाजे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा शांत होते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपण पाहिले आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात, उतरला की मिटतात. पेशीतले दरवाजेही असेच, फक्त ते पाण्याऐवजी विजेच्या दाबावर चालतात आणि त्यांचे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते.

आता या दरवाजात ओंडका अडकला तर? शास्त्रज्ञांनी असे अनेक ओंडके शोधले आहेत. सीझियमचा आयन पोटॅशियमहून मोठा. तो तोंडातून आत शिरतो आणि वाट अडवतो. बेरियमचा आयन आकाराने पोटॅशियमएवढाच, पण त्याच्यावरचा विद्युतभार दुप्पट, म्हणून तो आत जाऊन चिकटून बसतो. पाण्यात किंवा पोटातील आम्लात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी ठरतात ते यामुळेच. (क्ष-किरण तपासणीत पाजतात ते बेरियम सल्फेट विरघळत नाही, म्हणून त्याची भीती नको.) टेट्राएथिल अमोनियम नावाचे रसायन तर बुचासारखे दाराच्या तोंडाशीच बसते. या दरवाजाची रचना अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली उलगडली आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या आधीच्या अभ्यासात विंचवाच्या विषाचाच मोठा उपयोग झाला होता.

आपल्या तांबड्या विंचवाच्या विषातही असे बूच आहे. त्यातून वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन एका प्रकारचा पोटॅशियम दरवाजा बंद करते. आज जगभरच्या प्रयोगशाळा ते संशोधनासाठी वापरतात. याच विषातले दुसरे घटक सोडियमचे दरवाजे मिटू देत नाहीत. म्हणजे आत येणारी वाट उघडी आणि बाहेर जाणारी बंद! मज्जातंतू थांबायचे नावच घेत नाहीत. ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात भसाभस ओतली जातात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी साठते.

म्हणून दंशानंतर वेदनेपेक्षा घामाकडे लक्ष द्या. केवळ आग होत असेल आणि बाकी काही नसेल, तर बहुधा विष शरीरभर पसरलेले नसते. पण आग कमी असून दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणे, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा ही लक्षणे दिसली तर धोका मोठा. मांत्रिकाला ‘यश’ का मिळते याचेही उत्तर यातच आहे. पुष्कळ दंशांतली आग काही तासांनी आपणहून उतरते आणि श्रेय मंत्राला जाते. ज्याला घाम फुटला आहे, त्याचे मात्र तेच मोलाचे तास वाया जातात.

या दंशावर इलाज सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली. ती दरवाजातले बूच काढत नाही, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार उतरवते. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत. आता वेळेवर गोळी मिळालेले फार थोडे दगावतात. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. चंदगडच्या टोकाच्या वाडीवरून कोल्हापूरचे सीपीआर शंभरएक किलोमीटर दूर पडते. इतक्या अंतरावर उपचार ठेवून चालणार नाही. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड येथील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे प्राझोसिन (हळूहळू विरघळणारे नव्हे) बाराही महिने असले पाहिजे. ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. साखर कारखान्यांनीही हंगामात तोडणी मजुरांच्या तळावर ही माहिती पोचवावी. कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या पोरांना धोका सर्वांत जास्त आहे.

लक्षात ठेवा :

• दंशाची जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका.
• रुग्णाला चालवू नका. लगेच वाहनाने आरोग्य केंद्रात न्या.
• स्टेरॉइड किंवा ॲलर्जीच्या इंजेक्शनाचा आग्रह धरू नका. त्यांचा या विषावर उपयोग नाही.
• प्राझोसिन डॉक्टरांनीच द्यावे. त्यानंतर रुग्णाला झोपवूनच ठेवावे. उठवून बसवल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो.
• लहान मुलाला बरे वाटले तरी २४ तास देखरेखीखाली ठेवा.
• चपला, अंथरूण, कपडे झाडून घ्या. सरपणात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहा.

मंत्र म्हणणाऱ्याचा राग धरण्याचे कारण नाही. त्याला एवढेच सांगा, घाम फुटलेला रुग्ण दिसला की मंत्र बाजूला ठेव आणि आधी गाडी बोलाव.