मासा सोडला, पण तो जगला का?

संपादक महोदय,

सुट्टीच्या दिवशी तेरणा धरणाच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्या तरुणांची संख्या अलीकडे वाढली आहे. तेरचेच नव्हे, ढोकी, धाराशिव, लातूरकडचेही येतात. एखादा मोठा कटला किंवा मरळ लागली की ती छातीशी धरून फोटो काढायचे, मित्राच्या हातात देऊन पुन्हा काढायचे आणि शेवटी पाण्यात सोडतानाचा व्हिडिओ. त्याखाली शाबासकीचा पाऊस पडतो. मासा सोडण्याची इच्छा चांगलीच आहे, ती वाढावी असे मलाही वाटते. परंतु ज्या रीतीने हे मासे सोडले जातात ते पाहता त्यातले बरेचसे दुसरा दिवस पाहत नसावेत, असे माझे मत आहे. पाण्यात दिसेनासा झालेला मासा वाचलाच, असे आपण धरून चालतो. तो रात्री तळाशी मेला तर ते पाहायला काठावर कोणी नसते.

गळाला लागलेला मोठा मासा जिवाच्या आकांताने ओढ घेतो. गळाची दोरी, म्हणजे तंगूस, बारीक असेल तर ही झटापट फार लांबते. तेवढ्यात त्याच्या स्नायूंत आम्ल साचते आणि त्याला प्राणवायूची निकड लागते. नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. धावून धापा टाकणाऱ्या माणसाचे नाक-तोंड दाबावे, तसे हे आहे. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या हवेत एकमेकींना चिकटतात आणि त्यांना प्राणवायू घेता येत नाही. कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला रेनबो ट्राउट माशांवरचा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के बारा तासांत दगावले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के गेले, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याचे आकडे आपल्या कटल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण अर्धा मिनिट आणि एक मिनिट यांत एवढे अंतर पडू शकते, हे फोटोसाठी मासा या हातातून त्या हातात फिरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मोठ्या माशाचे आणखी एक दुखणे आहे. त्याचे वजन आयुष्यभर पाण्याने पेललेले असते. कल्ल्यात बोटे घालून किंवा जबडा वजनकाट्याला अडकवून त्याला उभा टांगला, तर ते सगळे वजन जबड्यावर आणि मणक्यावर येते. कोरड्या हातांनी, कापडाने किंवा तापलेल्या खडकावर ठेवून धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोच त्याचा रोगापासूनचा बचाव असतो. तो गेलेल्या जागी पुढे बुरशी धरते.

करायचे ते अवघड नाही. तंगूस दणकट वापरावी, म्हणजे झुंज लवकर संपते. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकावा. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि उचलावाच लागला तर ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन उचलावा. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाओढ करू नये, तंगूस तोंडाजवळ कापून द्यावी. मग मासा पाण्यात सरळ धरून ठेवावा. तो स्वतःच्या जोराने हातातून निघाला की सोडावा.

आता आपल्या मराठवाड्याची गोष्ट. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. उलट गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, धरण आटत जाते आणि उरल्यासुरल्या पाण्यात मासे दाटीवाटीने जगत असतात. गळ टाकणाऱ्याला हे दिवस सोपे वाटतात, कारण मासा हमखास लागतो. माझे म्हणणे आहे की या दोन महिन्यांत ‘पकडून सोडणे’ हा प्रकारच बंद ठेवावा. कितीही काळजी घेतली तरी त्या पाण्यात दमलेल्या माशाला सावरायला जागा नाही.

मरळीबाबत तर पावसाळ्यातही हात आवरावा. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून तिला काही होत नाही असा समज आहे. पण विणीच्या काळात नर-मादी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करत फिरतात. थव्याजवळ आलेल्या, गळाला लावलेल्या बेडकावर मरळ तुटून पडते, त्यात तिची भूक कमी आणि राखण जास्त असते. तिला बाहेर काढून फोटोसाठी दहा मिनिटे अडवून ठेवली की तेवढ्यात इतर मासे पिल्लांचा फडशा पाडू शकतात. आई सुखरूप सोडली असे आपण म्हणतो, पण पिल्ले गेलेली असतात. पाण्यावर पिल्लांचा थवा दिसला की गळ गुंडाळून पुढे जावे.

काही जण म्हणतील, मासा खाण्यासाठी असतो, हे लाड कशाला? मला हा आक्षेप योग्यच वाटतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या सहकारी संस्था आणि त्यावर पोट असलेली भोई कुटुंबे यांचा हक्क हौशी माणसाच्या आधी येतो. कटला, रोहू साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांचे बीज पैसे मोजून सोडावे लागते. म्हणून आधी संस्थेची परवानगी घ्यावी. आणि कल्ल्यातून रक्त वाहत असलेला मासा व्हिडिओसाठी पाण्यात ढकलू नये, तो संस्थेला द्यावा. खाल्लेला मासा वाया जात नाही, सोडून मेलेला जातो.

सगळेच सोडायचे असेही नाही. सरकारने बंदी घातलेला थाई मांगूर लागला तर तो परत पाण्यात जाता कामा नये. तसेच एका तळ्यातला मासा हौसेने दुसरीकडे नेऊन सोडू नये. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेले दख्खनी महाशीर चांगल्या हेतूनेच कावेरीत सोडले गेले. ते तिथे फोफावले, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. उलट महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीरांना कोणी हातही लावत नाही, आणि तिथे ते टिकून आहेत.

गळाचा नाद हे आजकालच्या पोरांचे खूळ आहे, असे म्हणून हा विषय झटकून टाकू नये. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आपल्या उमरग्यापलीकडच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. माशांच्या जाती कोणत्या आणि त्यांना आमिष काय, याचा त्यात विचार आहे. ज्या माशामागे लागायचे त्याची आधी नीट माहिती करून घ्यावी, ही रीत या मुलखात नवी नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाने आणि ठेकेदार संस्थांनी तेरणा धरणावर हौशी गळकऱ्यांसाठी साध्या मराठीत नियमांचा फलक लावावा आणि एप्रिल-मेमध्ये हौशी गळ बंद करावा. आणि गळ टाकणाऱ्या तरुण मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: यापुढचा फोटो मासा पाण्यात असतानाच काढा.

आपला,
एक वाचक, तेर (जि. धाराशिव)