ती गाडीत बसलीच कशाला?

मागच्या महिन्यात हिंजवडीतल्या एका बहुपडदा चित्रपटगृहात रात्रीचा खेळ पाहिला. अपहरणाचा थरारपट होता. नाव सांगत नाही, कारण त्याच्या जागी दुसरे कोणतेही नाव घातले तरी फारसा फरक पडणार नाही. नायिका कामावरून सुटते, पाऊस असतो, रस्ता रिकामा असतो, एक गाडी येऊन थांबते, ती आत बसते. माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणाले, ''अगं, बसतेस कशाला?'' सगळे हसले. खरे सांगायचे तर मीही हसले. खेळ संपल्यावर बाहेर आले तेव्हा रस्त्याच्या कडेला रात्रपाळीच्या मुलामुलींना घेऊन जाणाऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या आणि दारे उघडून त्यांत मुली बसत होत्या. मघाचे हसणे तेव्हा थोडे खुपले.

दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षाच्या वर्गात हा प्रसंग सांगितला. विषय संभवनीयतेचा चालू होता, म्हणून उदाहरण आयते मिळाले. बहुतेकांचे मत मागच्या रांगेसारखेच पडले: एवढी शिकलेली मुलगी अनोळखी गाडीत बसेल हे पटत नाही. आमच्या वर्गात काही मुले रात्री काम करून सकाळच्या तासाला येतात. त्यांतली एक, जी एरवी शेवटच्या बाकावर डोके टेकून असते, ती म्हणाली, ''मॅडम, बसणं खोटं नाही वाटलं. खोटं वाटलं ते तिनं दार उघडून उडी मारणं. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असतं. आतून उघडतच नाही.'' 2019 च्या जुलैपासून नव्या टॅक्सी-वाहनांत असे कुलूप असू नये असा केंद्र सरकारचा नियम आहे. तिचा अनुभव जुन्या गाडीचा होता. पण नियमाचा मुद्दा बाजूला ठेवू. चित्रपटातला जो क्षण सगळ्या वर्गाने सहज गिळला तो तिला खोटा वाटला, आणि ज्यावर सगळे हसले तो तिला खरा वाटला. टीकाकाराने विचारात पडावे असे हे वाक्य होते.

ॲरिस्टॉटलने कवीला दिलेला सल्ला आपण सगळेच वर्षानुवर्षे वर्गात सांगतो: शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असूनही पटणारी गोष्ट बरी. कोलरिजने 1817 मध्ये अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची कल्पना मांडली, तीही आपण त्याच तासाला उरकतो. टिपणे लिहून होतात, परीक्षेत पाच गुण मिळतात. पण 'पटणारी' म्हणजे कोणाला पटणारी, हा प्रश्न राहून जातो. पहिल्या बाकाला की शेवटच्या?

अपहरणाच्या कथेत हा प्रश्न अधिक टोकदार होतो, आणि त्याला कारण आहे. दरोड्यात बळ लागते, खुनात संधी लागते. अपहरणात बहुधा आधी एक विश्वसनीय गोष्ट रचावी लागते. अपहरणकर्ता हा स्वतःच एक कथाकार असतो आणि त्याचा पहिला श्रोता म्हणजे त्याचे सावज. रावण दारात येतो तो भिक्षेकऱ्याच्या वेषात. भिक्षा मागणाऱ्याला विन्मुख पाठवू नये हा ज्या समाजाचा धर्म, त्या समाजासाठी याहून पटणारी कथा कोणती? आपल्या पहिल्यावहिल्या संगीत नाटकांपैकी एक अपहरणाचेच आहे हे आपण विसरतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'चे पहिले तीन अंक 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यात अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन बसतो आणि दुर्योधनाला बहीण देऊ पाहणारा बलराम त्याच संन्याशाच्या सेवेला सुभद्रेला ठेवतो. प्रेक्षक बलरामाला हसतो, पण त्याला मूर्ख ठरवत नाही, कारण संन्याशावर विश्वास ठेवणे ही त्या जगातली रीतच आहे. शेवटी काय होणार हे पहिल्या रात्रीही सगळ्यांना ठाऊक होते. तरीही ते नाटक शतकाहून अधिक काळ उत्कंठेने पाहिले गेले.

सीतेच्या गोष्टीत मात्र पुढे एक विलक्षण फेरफार झाला. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. ती नंतरच्या परंपरेने आखली. रेषा आखली गेली आणि 'तिने ती ओलांडलीच कशाला' असे विचारण्याची सोय झाली. तोपर्यंत कथा फसवणाऱ्याची होती, ती आता फसलेल्या बाईची झाली. चित्रपटगृहातल्या मागच्या रांगेचा पूर्वज मला इथे दिसतो.

हे सारे हिंजवडीत बसून लिहिताना 2007 ची आठवण टाळता येत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री इथल्या एका बीपीओत काम करणाऱ्या तरुणीला कामावर नेण्यासाठी गाडी आली. गाडी कंपनीने ठरवलेली, चालक नेहमीच्या व्यवस्थेतला. सोबत त्याचा एक मित्र होता. गाडी कामाच्या ठिकाणी गेली नाही, गहुंजेकडे गेली. बलात्कार आणि खून करून चालक पुढच्या थांब्यावर वाट पाहत असलेल्या कर्मचाऱ्याला घ्यायला गेला आणि उशिराचे कारण म्हणून चाक पंक्चर झाल्याचे त्याने सांगितले. सत्र न्यायालयाने 2012 मध्ये दोघांना फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती कायम केली. दयेच्या अर्जांनंतर शिक्षेच्या अंमलबजावणीत झालेल्या विलंबामुळे 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिचे रूपांतर पस्तीस वर्षांच्या कारावासात केले. तपशील इथेच थांबवते. त्या मुलीचे नाव मी लिहीत नाही, आणि तिच्यावर कोणी थरारपट काढावा असेही मला वाटत नाही. मला दाखवायची आहे ती फक्त पंक्चरची सबब. कोणत्याही पटकथालेखकाने ती 'फारच साधी' म्हणून खोडली असती. वास्तवात ती त्या रात्रीपुरती पुरली, कारण पुण्यात गाड्या पंक्चर होतात. आणि 'ती गाडीत बसलीच कशाला' या प्रश्नाचे उत्तर इतकेच की ती गाडी तिच्यासाठीच आलेली होती.

पुण्याला त्याआधीचीही एक आठवण आहे. जक्कल आणि त्याच्या साथीदारांचे नाव काढले की जोशी-अभ्यंकर खून आठवतात, पण त्या मालिकेची सुरुवात जानेवारी 1976 मध्ये एका अपहरणाने झाली होती. सावज होता त्यांच्याच ओळखीचा, त्यांच्याच महाविद्यालयातला मुलगा. आपण स्वखुशीने घर सोडून जात असल्याची चिठ्ठी त्याच्याकडून त्याच्याच अक्षरात लिहून घेतली गेली. त्याला मारल्यानंतर वडिलांकडे खंडणीची मागणी गेली. साहित्याच्या विद्यार्थ्याने या चिठ्ठीपाशी थांबायला हवे. संहिता अस्सल, हस्ताक्षर अस्सल, आणि मजकूर संपूर्ण खोटा. राजदत्त यांनी 1986 मध्ये याच प्रकरणाच्या आधारे 'माफीचा साक्षीदार' काढला, त्यात नाना पाटेकर होते. त्या चित्रपटाचा भडकपणा मला आजही सहन होत नाही. पण ही मुले आपल्यातलीच, ओळखीची, एका वर्गातली होती, ही भीती त्याने पकडली होती एवढे मान्य करायला हवे.

आता उत्कंठेकडे. हिचकॉकने केलेला आश्चर्य आणि उत्कंठा यांतला भेद सर्वांना माहीत आहे: टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाचा एक क्षणभर धक्का, ठाऊक असेल तर टेबलावरच्या निरर्थक गप्पासुद्धा जीव टांगणीला लावतात. आपल्याकडचे थरारपट मात्र अजून आश्चर्याच्याच मागे धावतात. शेवटच्या दहा मिनिटांत कळते की काकाच गुन्हेगार होता. त्यासाठी आधीचे दोन तास काकाला खोटे वागायला लावलेले असते, आणि दुसऱ्यांदा पाहताना तो चित्रपट नुसता लबाड वाटतो.

याला सणसणीत अपवाद म्हणजे अनुराग कश्यपचा 'अग्ली'. तो 2013 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे 2014 च्या डिसेंबरात लागला. रस्त्याकडेच्या गाडीत बसवून ठेवलेली लहान मुलगी नाहीशी होते. बाप तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जातो, आणि इन्स्पेक्टर जाधव झालेला गिरीश कुलकर्णी त्याची चौकशी सुरू करतो. पडद्यावरचे नाव वेगळे आणि खरे नाव वेगळे का, फोन आला की पडद्यावर फोटो कसा दिसतो, तो कसा लावायचा. प्रसंग लांबतच जातो. आधी आपण हसतो, मग हसू आटते, मग खुर्चीचा हात घट्ट धरावासा वाटतो, कारण मुलगी कुठेतरी आहे आणि मिनिटे जात आहेत. ज्याने कधी कोणत्याही सरकारी टेबलासमोर उभे राहून अर्ज दिला आहे, त्याला यातला एकही शब्द अविश्वसनीय वाटणार नाही. उत्कंठेसाठी इथे पाठलाग नाही, घड्याळाची टिकटिक नाही. विश्वसनीयता आणि उत्कंठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीसाठी दुसरीचा थोडा बळी द्यावा लागतो, असे आमचे मित्र म्हणतात. त्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

त्यांच्या बाजूचा उत्तम पुरावा म्हणजे 2008 चा 'टेकन', हेही मी मान्य करते. परदेशात गेलेली मुलगी पलंगाखाली लपून फोनवर बापाशी बोलते तो भाग श्वास रोखायला लावतो. का? तर बाप तिला वाचवू शकणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. पुढे तोच बाप पॅरिसमध्ये माणसे मोजायचे सोडून देतो आणि त्याला काही होणार नाही अशी आपली खात्री पटते. मग उत्कंठा उरते कुठे? उरते ती करमणूक. तिला माझा विरोध नाही. शनिवारी रात्री मीही पाहते. पण तिला थरार म्हणू नये.

अकिरा कुरोसावाचा 'हाय अँड लो' (1963) मला या प्रकारातला सर्वश्रेष्ठ वाटतो. एड मॅकबेनच्या कादंबरीवरून घेतलेली कथा आहे: बूट बनवणाऱ्या कंपनीतल्या एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा समजून त्याच्या मोटारचालकाच्या मुलाला पळवले जाते. चूक उघडकीला येते, तरी खंडणीची मागणी तीच राहते. पैसे द्यावेत तर आयुष्यभराची कमाई जाणार. न द्यावेत तर दुसऱ्याचे मूल. सुमारे तासभर कॅमेरा जवळपास एकाच दिवाणखान्यात राहतो आणि तो चालक कोपऱ्यात मान खाली घालून उभा असतो. उत्कंठा मुलाच्या जिवाची आहेच, पण त्याहून मोठी आहे ती मालक काय करील याची. आणि हा नैतिक पेच उभा राहतो तो अत्यंत क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंच्या आधारावर. पैशांच्या बॅगा सात सेंटिमीटरपेक्षा जाड नसाव्यात अशी अट असते. का, ते पुढे धावत्या रेल्वेत कळते, कारण तिथली खिडकी तेवढीच उघडते. हे सात सेंटिमीटर म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचे चाइल्ड लॉक.

डच दिग्दर्शक जॉर्ज स्लुइझरचा 'स्पूरलूस' (1988) याच्या उलट टोकाला जातो. त्यातला गुन्हेगार रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, आमच्याच पेशातला. तो घरी तालीम करतो, वेळ मोजतो, आणि त्याचे पहिले प्रयत्न हास्यास्पद रीतीने फसतात. त्या फसण्यामुळेच तो खरा वाटतो. पुढे 1993 मध्ये स्लुइझरनेच त्याची अमेरिकी आवृत्ती काढली आणि शेवट बदलून गोड केला. एकाच दिग्दर्शकाने एकच कथा एकदा विश्वास ठेवून आणि एकदा प्रेक्षकाला भिऊन सांगितली तर काय होते, हे शिकवायला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

विनोदी चित्रपटाला या बाबतीत सूट मिळते असे समजले जाते, तेही मला पटत नाही. 'हेराफेरी' (2000) मधला सगळा गोंधळ टेलिफोनच्या एका चुकीच्या क्रमांकातून सुरू होतो आणि खंडणीचा फोन भलत्याच घरी, बाबूराव आपटेंच्या गॅरेजात येतो. लँडलाइनच्या काळात चुकीचा क्रमांक ही घराघरातली गोष्ट होती. एक अशक्य योगायोग घ्या, पण तो घरातला असू द्या. नंतर माणसांना त्यांच्या गरजेप्रमाणे वागू द्या. मोबाइल आल्यापासून आमच्या पटकथाकारांची पंचाईत झाली आहे. दर चित्रपटात नेमक्या वेळी रेंज जाते किंवा बॅटरी संपते. रेंज जाणे मुळशी-ताम्हिणीकडे शोभेल, आयटी पार्कच्या मधोमध नाही. आणि संध्याकाळी सहा वाजता फेज तीनपासून वाकडच्या पुलापर्यंत भरधाव पाठलाग दाखवणाऱ्याने एकदा इथे येऊन तेवढा रस्ता गाडीने पार करून दाखवावा. अपहरणकर्ता आणि पोलीस दोघेही एकाच कोंडीत, दोन गाड्यांच्या अंतरावर, हॉर्न वाजवत बसलेले असतील. खरे तर असा प्रसंग कोणी लिहिला तर मी तिकीट काढून दोनदा पाहीन.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर विचारले, गाडीत बसताना ती काय करते. ती गाडीचा क्रमांक आईला पाठवते. आई तो वहीत लिहून ठेवते, तारखेसह. फोनमध्ये असताना वहीत कशाला, असे विचारल्यावर म्हणाली, ''फोन हरवला तर?'' आईने हा प्रश्न स्वतःच उभा केला होता, आणि एवढा विचार केलेली पटकथा मी अलीकडे पाहिलेली नाही.

पुढच्या बुधवारी वर्गात 'हाय अँड लो' दाखवणार आहे. रात्रपाळीवाल्यांनी पहिली रांग मागून घेतली आहे. दिवाणखान्यात झोप लागली तर चालेल, पण रेल्वे आली की उठवा, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे.