नर्सिंग पास झाली, पण पहिलं वर्ष कोणाच्या भरवशावर?

विंचूर : बारावीनंतर मुलीला काय करायचं, याला आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत आता एकच उत्तर असतं, नर्सिंग. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. कांद्याच्या नाहीतर द्राक्षाच्या पैशातून फी भरायची, पास झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. कागद पुरा होतो. हात तयार झालाय का, हे मात्र कोणी विचारत नाही.

अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक नाही असं नाही. एएनएमचे शेवटचे सहा महिने इंटर्नशिपच असते. पण प्रसूती कक्षात सात-आठ विद्यार्थिनी उभ्या असल्या तर बाळ एकीच्याच हातात येतं, बाकीच्या बघतात अन् वहीत लिहितात. बघणं आणि करणं यातला फरक आणीबाणीत कळतो. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे रक्तस्राव आटोक्यात राहतो. हे प्रत्येकीला पाठ असतं. पण त्याच मिनिटात बाळ रडलं नाही तर त्याला पुसून श्वास सुरू करायचा असतो. हात दोनच. अशा वेळी काय आधी, काय नंतर, हे शेजारी जुनी सिस्टर उभी असली तरच अंगात भिनतं.

अन् नेमकी तीच शेजारी नसते. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र. नवी आरोग्य सेविका तिथं रुजू झाली की लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, रजिस्टरं, ऑनलाईन नोंदी सगळं तिच्या गळ्यात. बाळंतपणाला लोक लासलगाव, पिंपळगाव नाहीतर थेट नाशिक गाठतात. त्यामुळं कॉलेजात शिकलेलं तेवढंही हातातून जातं.

आपल्याकडची अडचण अजून वेगळी आहे. द्राक्ष हंगामात पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यात गरोदर बाया असतात. तपासणीचं कार्ड गावाकडं राहिलेलं, रक्त किती होतं कुणाला ठाऊक नाही. कळा सुरू झाल्या की धावपळ. अशी बाई समोर आल्यावर पापणी ओढून बघायची, पायाची सूज, बीपी बघायचं अन् इथंच थांबवायचं की १०८ बोलवायची, हे काही मिनिटांत ठरवायचं असतं. नवी मुलगी घाबरून पुढं पाठवते. तिला बोल लावण्यात अर्थ नाही, चुकलं तर सगळे तिलाच धरणार.

सरकारकडं प्रशिक्षणं आहेत. कुशल प्रसूतीचं २१ दिवसांचं आहे. प्रसूती कक्ष सुधारायला २०१७ पासून ‘लक्ष्य’ कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये केंद्रानं १८ महिन्यांच्या मिडवाइफरी प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण ही नोकरीत असलेल्यांसाठी, तीही नंबर लागेल तेव्हा. खासगी दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला यातलं काही मिळणं कठीणच.

छाटणीला नवा माणूस आला तर आपण त्याला एकट्याला प्लॉट देतो का? जुन्याच्या शेजारच्या ओळीत लावतो. काडीसाठी एवढं करतो आपण.

तसंच इथं करता येईल. उपकेंद्रावर पाठवायच्या आधी तीन महिने नव्या सेविकेची ड्युटी लासलगावच्या ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात, एका ठरवून दिलेल्या अनुभवी सिस्टरच्या हाताखाली लावावी. त्या सिस्टरला त्याचा वेगळा भत्ता द्यावा, नाहीतर शिकवायला वेळ कोण काढणार? अडचण एवढीच की उपकेंद्र जिल्हा परिषदेकडं अन् ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडं. दोन खात्यांनी एका कागदावर सही करायची आहे. नेमणुकीच्या आदेशातच हे तीन महिने लिहिले तर नवीन इमारत लागत नाही, मशीन लागत नाही. द्राक्षाचा हंगाम जानेवारीपासून जोर धरतो, मजुरांच्या टोळ्या त्याआधीच मळ्यावर आलेल्या असतात. पहिली तुकडी तोवर तयार व्हायला हवी.