चालता संगणक बदलावा का?

'विंडोज १०'च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधला छोटा दुकानदार विचारील, यंत्र चालते आहे, मग खर्च कशाला? त्याचे उत्तर मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'ने दिले होते. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती न बसवलेले संगणक जगभर बळी पडले. मात्र 'विंडोज ११'ला टीपीएम २.० व साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे अनेकांना यंत्रच बदलणे आले. तेव्हा विवेक हवा. बँक आणि जीएसटीचे काम ज्यावर चालते, तो संगणक आधी बदलावा. जुन्या मराठी फॉन्टवर पत्रिका जुळवणारा मात्र इंटरनेटपासून तोडून खुशाल वापरावा. धोका यंत्राच्या वयात नसतो, उघड्या दारात असतो.