जाड्या आवाजाची गोष्ट

मुलीचा गळा कोकिळेचाच असावा, असा आपल्याकडे दंडक आहे. तसा नसेल तर तिने गाण्याच्या वाटेला जाऊच नये! उषा उथुप यांनाही शाळेत हेच ऐकावे लागले. जन्म १९४७ सालचा, मुंबईतल्या तमिळ घरातला, शाळा भायखळ्याची. आवाज भरदार, जवळजवळ पुरुषी. तो इतर मुलींच्या आवाजात मिसळेना, म्हणून बाईंनी त्यांना गाण्याच्या वर्गातून उठवले.

पुढे १९६९ साली मद्रासच्या ‘नाइन जेम्स’ या नाइट क्लबात त्या गायला उभ्या राहिल्या, त्या चक्क साडी नेसून! गाणी इंग्रजी, आणि थाट हळदीकुंकवाला निघालेल्या सुवासिनीचा. तिथून त्या कलकत्त्याला ‘ट्रिंकाज’मध्ये गेल्या आणि पुढे ते शहरच त्यांचे घर झाले.

सिनेमातल्या नायिकेची गोड गाणी या आवाजाच्या वाट्याला फारशी आली नाहीत. पण रंगमंच त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ गाजवला. ‘७ खून माफ’मधल्या गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्या जोडीने फिल्मफेअर मिळाले ते २०१२ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर! २०११ साली पद्मश्री मिळाली होतीच; २०२४ साली पद्मभूषणही आले.

ना आवाज बदलला, ना साडी सुटली. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरची एखादी चिमुरडी जाड्या आवाजात गात असेल, तर तिला गप्प करण्याआधी दोन कडवी ऐकून तरी घ्या!