‘ध’चा ‘मा’

इ.स. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी आख्यायिका महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. फेरफार खरोखर झाला का आणि कोणी केला, हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न; पण त्या प्रसंगाने मराठीला दिलेला वाक्प्रचार वापरण्याची वेळ घरोघरी रोज येते.

नोकरीनिमित्त बंगळुरूला असलेला मुलगा कळवितो, ‘यंदा दिवाळीला दोनच दिवस येता येईल.’ त्यावर वडील उद्गारतात, ‘म्हणजे आता घर नकोसे झाले तर!’ मूळ वाक्यात रजेची अडचण होती. उत्तरात नात्याचाच निकाल लागला. पुढचा तासभर मुलगा न बोललेल्या वाक्याचा खुलासा करीत राहतो.

भारतीय तर्कशास्त्राने ही खोड फार पूर्वीच ओळखली होती. गौतमांच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत ‘छल’ हा स्वतंत्र पदार्थ असून त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘नव’ म्हणजे नवा, आणि नऊसुद्धा. नवे कांबळे पांघरलेल्या मुलास कोणी ‘नवकंबल’ म्हटले असता ‘याची नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारणे, हा वाक्छल. एखाद्या ठिकाणी संभवणारी गोष्ट सरसकट सर्वत्र लावून खोडणे, हा सामान्यछल. ‘सभेला सारे गाव लोटले’ असे म्हणणाऱ्यास ‘घरे तर जागच्या जागी आहेत’ असे सुनावणे, हा उपचारछल. सत्यनिर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि छल हे जल्पाचे हत्यार.

हिंदुत्वाच्या मांडणीतील एखादे वाक्य संदर्भ तोडून फिरविले जाते, ही कार्यकर्त्यांची तक्रार जुनी आहे आणि रास्तही. मात्र विरोधकाच्या भाषणाची तशीच कापलेली चित्रफीत हाती आली, की शहानिशा न करता ती पुढे धाडणारे हातही याच घरांतले असतात. ‘जशास तसे’ हे त्याचे ठरलेले समर्थन. न्यायसूत्रांनी जल्पाला कोवळ्या अंकुराभोवतीच्या काटेरी कुंपणाची उपमा दिली आहे, हे खरे. पण तेथे कुंपण अंकुरासाठी आहे. संघटनेचा सारा भर माणूस जोडण्यावर. संपर्कास गेलेला तरुण शंका विचारणाऱ्या गृहस्थास ‘म्हणजे तुम्हाला देशभक्तीच मान्य नाही’ असे म्हणून निरुत्तर करतो, विजयी मुद्रेने परततो आणि त्या घराचे दार पुढच्या खेपेस उघडत नाही. अशी किती दारे बंद झाली, याची नोंद कोणत्याही वृत्तात येत नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचे मत त्यांच्या युक्तिवादांसह आधी मांडले आणि मगच खोडले. साप्ताहिक बैठकीत हा प्रयोग करता येण्याजोगा आहे. उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि ‘होय, हेच म्हणायचे होते’ असे तो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. दोघे-तिघे वैतागतील, पहिल्या बैठकीत जेमतेम एक विषय पुरा होईल. तेवढा झाला तरी चालेल.