मैदानाची किल्ली कोणाच्या कमरेला?

पहाटे पाचला सेनगावहून रिसोडकडे वा हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागावे, म्हणजे आपण आपल्या तरुण पिढीची काय किंमत ठरवली आहे, ते गाडीच्या दिव्यांच्या उजेडात लख्ख दिसते. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे डांबराच्या कडेने १६०० मीटरचे ‘ग्राउंड’ काढत असतात. समोरून मालाचा ट्रक आला की चारीत उतरतात, तो गेला की पुन्हा वर येतात आणि चढण्या-उतरण्यात वाया गेलेले सेकंद पुढच्या फेरीत भरून काढायला छाती फुटेस्तोवर धावतात. त्यांच्या मागे, ओढणी कमरेला आवळून, ८०० मीटरच्या तयारीतल्या दोघी मुली. सोबतीला एकीचा बाप सायकलवर. ही मुले जिथून धावायला सुरुवात करतात, तिथून हाकेच्या अंतरावर शाळेचे मैदान आहे. त्याच्या फाटकाला कुलूप आहे.

हे कुलूप एकाच शाळेचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण सेनगाव तालुक्यापासून थेट मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत, शाळा सुटल्याची घंटा झाली की मैदान, सभागृह आणि असेल तिथे व्यायामशाळा यांवर जे टाळे पडते, ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेलाच निघते. दिवाळीच्या नि उन्हाळ्याच्या सुटीत तर तेवढेही निघत नाही. ज्या जागा गावाने दिल्या, ज्या भिंती करातून आणि लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, ज्यांच्या बांधकामावर याच पोरांच्या आजोबांनी मातीची घमेली वाहिली, त्या वास्तू दिवसाचे सहा तास विद्येच्या आणि उरलेले अठरा तास उंदीर-घुशींच्या मालकीच्या व्हाव्यात, याला व्यवस्था म्हणत नाहीत. हा लोकसंपत्तीचा अपहार आहे.

आणि हे कुलूप उघडतच नाही, असे कोण म्हणतो? मतदान सकाळी सातला सुरू व्हायचे, त्याआधी दीड तास चाचणी मतदान घ्यायचे, म्हणून त्या दिवशी पहाटेच फाटक सताड उघडे असते. दिवे असतात, पाणी असते, बंदोबस्त असतो. पुढाऱ्याच्या सभेला ते उघडते. वजनदार घरी लग्न निघाले की ते उघडते, मैदानात मांडवाचे खांब रोवले जातात, कबड्डीच्या रेषांवर चुली पेटतात आणि चौथ्या दिवशी पोरे पत्रावळी आणि खिळे वेचून आपले मैदान परत मिळवतात. २९ ऑगस्टला मेजर ध्यानचंदांच्या आणि १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या तसबिरीला हार घालायला ते उघडते. भाषण संपले की तेच हात तेच कुलूप पुन्हा लावतात. मांडवाला जागा आहे, माइकला जागा आहे. पोरांना नाही.

खाशाबांचे नाव घेण्याचा अधिकार तरी या हातांना उरला आहे काय? १९५२ साली हेलसिंकीला जाण्यापुरते पैसे गोळेश्वरच्या त्या पैलवानापाशी नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले आणि त्या गहाणखतातून स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक घरी आले. शिष्यासाठी घर गहाण टाकणाऱ्या गुरूच्या या महाराष्ट्रात आज शिष्यासाठी किल्ली सुटत नाही! बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मैलोन्‌मैल पायी शाळा गाठून पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकापर्यंत पोहोचला, ही कथा व्यासपीठावरून गहिवरून सांगितली जाते. पण त्याच रस्त्यांवर घडण्याआधीच गळून पडलेल्या मुलांची मोजदाद कोणी ठेवली? एक पोहोचला, तो स्वतःच्या पायांनी. त्याचे श्रेय घ्यायला आपण कोण?

साहित्य नाही, ही सबबही खोटी आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत खेळसाहित्यासाठी दरवर्षी तरतूद आहे. या साहित्याचे पुढे काय होते, ते पाहायचे तर खेळाची खोली उघडून घ्यावी. अशी एक खोली आम्ही डोळ्यांनी पाहिली. मॅटची गुंडाळी उंदरांनी कुरतडलेली, व्हॉलीबॉलची जाळी जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, हवा गेलेले तीन चेंडू, आणि गोळाफेकीचा लोखंडी गोळा, ज्यासाठी भरतीची पोरे रस्त्याकडेचा दगड उचलून सराव करतात, तो वाऱ्याने दार लागू नये म्हणून उंबऱ्याशी टेकवून ठेवलेला. साठा नोंदवहीत मात्र सारे काही ‘सुस्थितीत’ होते.

मुख्याध्यापकांची एक अडचण खरी आहे आणि ती आम्ही झटकून टाकत नाही. पोराचा पाय मोडला, खिडकी फुटली, रात्री कोणी बाटल्या टाकल्या, तर नोटीस त्यांच्याच नावे निघते. सांगणारे दहा, निस्तरणारा एकटा. म्हणूनच हे काम एका माणसाच्या भलेपणावर सोडता कामा नये. गावातल्या क्रीडा मंडळाशी लेखी करार करावा, अनामत घ्यावी, वेळ ठरवावी, येणाऱ्याची वहीत सही घ्यावी आणि दिवा, झाडू व राखणदार यांचा खर्च निघेल एवढेच भाडे आकारावे. ज्याच्या घरी तेवढेही नाही, त्याच्याकडून काहीच घेऊ नये. लग्नाच्या मांडवाकडून पूर्ण भाडे वसूल करावे, आणि तो पैसा खेळाच्या खोलीत जावा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शिकवणीच्या वेळेबाहेर शाळेची वास्तू ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून समाजाच्या उपयोगी पडावी, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिले आहे. ते वाचले कोणी?

‘तालुका क्रीडा संकुल आहे ना!’ असे ज्यांना वाटते, त्यांनी सातवीतल्या मुलीच्या पायांनी अंतर मोजावे. तालुका संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटींवर गेली, ते योग्यच झाले. पण संकुल तालुक्याला एक, आणि शाळा गावोगाव. शेवटची एसटी गेल्यावर कोणता बाप मुलीला तालुक्याला पाठवील? मुलगा नदीच्या वाळूत खेळेल, पडीक रानात खेळेल, रस्त्यावर धावेल. मुलीला भिंतीच्या आतले, उजेडातले, ओळखीचे मैदानच लागते, आणि असे मैदान गावात शाळेचेच असते. त्याला कुलूप लावले, की तिचा खेळ तिथेच संपतो. पुढे फक्त तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती ठराव घेऊ शकते. सेनगावच्या पालकांनो, पुढच्या बैठकीत पोषण आहाराच्या हिशेबावर सही करून उठू नका. सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ मैदान खुले ठेवण्याचा ठराव मांडा, राखणदार गावातूनच नेमा, नकार आला तर तो लेखी मागा आणि तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहा. उशीर करू नका. पोरे उद्या पहाटेही रस्त्यावरच असतील आणि ट्रकही येतीलच.